गाडी मागें कां येते?

आपल्या शाळेच्या वार्षिक विज्ञान-प्रदर्शनांत अलीकडे रेडिओच्या आज्ञेवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या फार वाढली आहे. ज्या टेबलांवर पूर्वीं पवनचक्क्या, पाण्याचे पंप व मातीचे ज्वालामुखी मांडलेले असत, त्याच टेबलांवर आतां तीन चाकांच्या, चार चाकांच्या, पट्ट्यांवर सरकणाऱ्या अशा नानाविध गाड्या धांवतांना दिसतात. त्या पाहून पालकांस कौतुक वाटतें, लहान मुलें भोंवतीं गर्दी करितात, आणि परीक्षकांची दृष्टिही साहजिकच तिकडे वळते. ह्याविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु ह्या गाड्यांस बक्षिसें देतांना आपण नेमकें कशाचें कौतुक करितों, ह्याचा विचार शिक्षकांनीं, पालकांनीं व स्वतः विद्यार्थ्यांनीं करावा असें मला वाटतें. आणि तो मांडण्यासाठीं गाडीच्या अनेक गुणांपैकीं एकच गुण मी येथें घेणार आहें. तो म्हणजे तिचें मागें येणें.

गाडी पुढें जाते ह्यांत फारसें नवल नाहीं. सेल जोडले, मोटर फिरली, चाकें फिरलीं. पण गाडी तीच, सेल तेच, मोटर तीच, आणि हातांतील रिमोटची दुसरी कळ दाबतांच चाकें उलट फिरूं लागतात, हें कसें घडतें? हा प्रश्न मी प्रदर्शनाच्या दिवशीं टेबलांपाशीं फिरतांना मुलांस विचारीत असतों. "सर, तें ड्रायव्हर करतो," हें ठरलेलें उत्तर. (ड्रायव्हर म्हणजे येथें माणूस नव्हे, मोटरीकडे जाणारा प्रवाह ताब्यांत ठेवणारी जी तयार पट्टी बाजारांत मिळते, तिचें हें नांव.) "आणि ड्रायव्हर तें कसें करतो?" असें विचारलें म्हणजे मुलगा एकदां पट्टीकडे पाहतो, एकदां जोडीदाराकडे पाहतो, आणि "सर, आंत आय.सी. आहे" असें सांगून मोकळा होतो. आय.सी. आहे हें खरेंच. पण घड्याळ वेळ कशी दाखवितें, तर आंत यंत्र आहे म्हणून, असें म्हणण्यासारखेंच हें झालें.

अशा गाडीस पहिलें बक्षीस देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. ती कितीही चपळ असो, तिच्यावर कितीही दिवे लावलेले असोत. ह्या मतास माझ्या कांहीं सहकाऱ्यांचा विरोध आहे आणि कांहीं पालकांचाही आहे. त्यांच्या म्हणण्याकडे मी पुढें येतों. आधीं, मुलास जें उत्तर देतां यावयास हवें होतें, तें काय आहे हें पाहूं. तें कठीण नाहीं, आणि तेंच कठीण असतें तर हा लेख मी लिहिला नसता.

खेळण्यांतील लहान मोटर उघडली, तर तिच्या पत्र्याच्या डबींत दोन कमानदार लोहचुंबक भिंतीस चिकटून बसविलेले आढळतात. मध्यें आंसावर तांब्याच्या बारीक तारेचीं तीन वेटोळीं असतात. आंसाच्या एका टोकास तांब्याचें कडें असतें, पण तें अखंड नसून तीन तुकड्यांचें असतें. आणि त्यावर दोन बाजूंनीं दोन ब्रश टेकलेले असतात. सेलचा प्रवाह एका ब्रशांतून शिरतो, वेटोळ्यांतून फिरतो व दुसऱ्या ब्रशांतून बाहेर पडतो. दहावीच्या पुस्तकांत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम दिलेला आहे. तो परीक्षेपुरता पाठ न करितां येथें लावून पाहावा. डाव्या हाताचा आंगठा, तर्जनी व मधलें बोट एकमेकांशीं काटकोनांत धरा. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखविते, मधलें बोट प्रवाहाची, आणि आंगठा तारेवर पडणाऱ्या बलाची. आतां तर्जनी होती तिकडेच रोखून ठेवा आणि मधलें बोट उलट दिशेस न्या. त्यासाठीं हात फिरवावा लागतो, आणि तो फिरवितांच आंगठाही विरुद्ध बाजूस जातो. डबींतील चुंबक जागचे हलत नाहींत. म्हणून मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल केली, कीं वेटोळ्यांतील प्रवाह उलटतो आणि मोटर उलट फिरते. एवढेंच तें.

पण तर्जनी व मधलें बोट हीं दोन्हीही उलटविलीं तर? आंगठा पुन्हां होता तिकडेच. मुलांनीं हें आपल्या हातावर करून पाहावें, कारण माझ्या मतें ह्या विषयांतील खरी गोडी येथें आहे. तुमच्या स्वयंपाकघरांतील मिक्सर घ्या. घरांत येणारा विजेचा प्रवाह दर सेकंदास शंभर वेळां दिशा पालटतो, तरी मिक्सरचें पातें एकाच दिशेनें फिरत राहतें. ह्याचें कारण असें कीं, त्याच्या मोटरींत कायमचे चुंबक नसतात. त्यांच्या जागीं तारेचीं वेटोळींच असतात, आणि मधल्या वेटोळ्यांतून जाणारा प्रवाहच त्यांतूनही जातो. प्रवाह उलटला कीं चुंबकही उलटतो, आणि आंगठा जागेवर राहतो. (मिक्सर उघडून हें पडताळण्याचें कांहीं कारण नाहीं. घरची वीज जीव घेते. आपला प्रयोग दीड दीड व्होल्टांच्या दोन सेलांवरच होऊं द्यावा.) मोटर उलट फिरविणें म्हणजे सगळेंच उलट करणें नव्हे, दोहोंपैकीं एक उलटावयाचें व दुसरें तसेंच ठेवावयाचें, हें ज्या मुलास उमजलें त्यास मोटर समजली.

आतां, तारांची अदलाबदल कोठें करावयाची हाही प्रश्न आहेच. घाईनें काम करणारीं मुलें सेलांच्या डबीपाशींच तारा उलट्या जोडतात. मोटर एकटी असेल तर त्यानें चालतें. पण मध्यें रेडिओचा ग्राहक व ड्रायव्हर असला तर उलट्या जोडलेल्या सेलांनीं तो बिचारा जळून जातो, आणि गाडी पुढेंही जात नाहीं व मागेंही येत नाहीं. अदलाबदल करावयाची ती ड्रायव्हराच्या पुढें, मोटरीच्या दारांत. रेडिओ नसलेल्या साध्या गाडीस तर सहा टोकांचा एक स्विच पुरतो. मधल्या दोन टोकांस सेलाच्या तारा जोडाव्या; एका बाजूच्या दोन टोकांपासून मोटरीकडे तारा न्याव्या; आणि त्या बाजूचीं टोकें दुसऱ्या बाजूच्या टोकांशीं फुलीसारख्या आडव्यातिडव्या तारांनीं जोडावीं. दांडी इकडे केली कीं गाडी पुढें, तिकडे केली कीं मागें. ती फुली स्वतःच्या हातानें डाखून जोडणाऱ्या मुलास पुन्हां कोणीं कांहीं समजावून सांगावें लागत नाहीं.

बाजारांतील ड्रायव्हर हेंच काम करतो. फक्त तो दांडीच्या ऐवजीं चार दरवाजे वापरतो. मोटरीच्या प्रत्येक टोकास एक दरवाजा धन बाजूकडे व एक ऋण बाजूकडे उघडणारा असतो. आकृति काढली तर ती इंग्रजी एच अक्षरासारखी दिसते, म्हणून तिला एच-ब्रिज म्हणतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन दरवाजे उघडले कीं प्रवाह मोटरींतून एका दिशेनें जातो. दुसऱ्या कोपऱ्यांतले दोन उघडले कीं उलट दिशेनें. पण एकाच बाजूचे वरचा व खालचा असे दोन दरवाजे एकाच वेळीं उघडले, तर प्रवाह मोटरीस वगळून धनाकडून ऋणाकडे थेट धांवतो आणि क्षणांत सर्व भाजून काढतो. म्हणून एक जोडी पुरी बंद झाल्यावर, मध्यें अत्यल्प काळ सोडून, मगच दुसरी उघडण्याची व्यवस्था चांगल्या ड्रायव्हरांत केलेली असते.

धांवती गाडी एकदम उलट चालविण्याची हौस मुलांस फार असते, म्हणून येथें थोडें गणित सांगतों. समजा, सेलांचा दाब ६ व्होल्ट आहे आणि मोटरीच्या वेटोळ्यांचा रोध १ ओहम आहे. मोटर फिरूं लागली म्हणजे ती स्वतःच एका लहानशा जनित्राप्रमाणें विरुद्ध दाब उत्पन्न करिते. तो ५ व्होल्ट धरूं. मग प्रत्यक्षांत उरला १ व्होल्ट, आणि प्रवाह झाला १ अँपिअर. गाडी जागच्या जागीं अडवून धरली तर विरुद्ध दाब नाहीं, म्हणून प्रवाह ६ अँपिअर. आणि पूर्ण वेगांत असतांना तारा उलटविल्या तर? आतां सेलांचे ६ व मोटरीचे ५ हे एकमेकांविरुद्ध नसून एकाच बाजूस झाले. प्रवाह ११ अँपिअर! ब्रशांशीं ठिणग्या उडतात, आणि प्लॅस्टिकच्या दांत्यांच्या चाकांस जो हिसका बसतो त्यानें दांते तुटतात. शौकिनांच्या महागड्या गाड्यांत पुष्कळदां अशी सोय असते कीं, मागें येण्याची कळ प्रथम दाबली असतां गाडीस नुसता ब्रेक लागतो, आणि ती थांबल्यावर दुसऱ्यांदा दाबली तरच चाकें उलट फिरतात. ही सोय पाहून "रिमोट बिघडला" अशी तक्रार करणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत.

एका प्रदर्शनांत आठवीच्या दोन मुलांची गाडी कांहीं केल्या सरळ जाईना. पुढें जाण्याची कळ दाबली कीं ती भोंवऱ्यासारखी जागच्या जागीं फिरे. मुलांनीं सेल बदलले, नवा ड्रायव्हर आणविला, रिमोट बदलला; गाडी आपली फिरतेच आहे. शेजारच्या टेबलावरील मुलाचे वडील, हे शेतकरी गृहस्थ, बराच वेळ पाहत उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या पंपाचा फेज उलटला म्हणजे असंच होतं. त्या एका बाजूच्या वायरी पालटून बघा की." तसें करितांच गाडी सरळ चालूं लागली. कारण उघड होतें. दोन मोटरी गाडीच्या दोन अंगांस एकमेकींकडे पाठ करून बसविलेल्या होत्या. एकाच जातीच्या दोन मोटरी सारख्या जोडल्या, तर दोन्ही आपापल्या परीनें एकाच दिशेनें फिरतात. परंतु आरशांतल्या प्रतिमेप्रमाणें समोरासमोर बसविल्यामुळें जमिनीवर एक चाक पुढें व दुसरें मागें जातें. त्या गृहस्थांच्या विहिरीवरील मोटर तीन तारांची. त्या जातींत तिहींपैकीं कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली कीं फिरण्याची दिशा उलटते. गांवचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करतांना तारांचा क्रम बदलला म्हणजे पंप उलट फिरतो आणि पाणी वर चढत नाहीं किंवा अगदीं थोडें येतें. शेतकऱ्यास हें कोणत्याही पुस्तकानें शिकविलेलें नसतें. पिकास पाणी मिळालें पाहिजे ह्या गरजेनें शिकविलेलें असतें. त्या दिवशीं सर्व टेबलांपाशीं मिळून मोटर ज्यास खरी कळली होती असा गृहस्थ तो एकच होता, आणि तो स्पर्धक नव्हता.

कोणी म्हणतील, खेळण्याच्या गाडीसाठीं एवढा ऊहापोह कशाला? तर पृथ्वीपासून फार दूर, जेथें दुरुस्तीस कोणी जाऊं शकत नाहीं, तेथेंही हाच प्रश्न आलेला आहे. सन २००४ च्या जानेवारींत अमेरिकेच्या नासा संस्थेची स्पिरिट नांवाची सहा चाकांची गाडी मंगळावर उतरली. रेडिओच्या आज्ञेनेंच ती चाले; मात्र आज्ञा तेथवर पोंचण्यास कित्येक मिनिटें लागत, म्हणून कळ दाबून हांकण्याची ती गाडी नव्हे. तिच्या प्रत्येक चाकास स्वतंत्र मोटर होती. सन २००६ च्या मार्चमध्यें पुढच्या उजव्या चाकाची मोटर बंद पडली, व तें चाक फिरेनासें झालें. आतां हातगाडीचें एक चाक अडकलें असतां ती ढकलण्यापेक्षां ओढून नेणें सोपें, हें आपल्याकडील कोणताही भाजीवाला सांगेल. संशोधकांनीं तेंच केलें. उरलेल्या पांच मोटरी उलट फिरवून त्यांनीं गाडी पाठमोरी चालविली, आणि मेलेलें चाक मागून फरफटत येऊं लागलें. त्या चाकानें जमिनींत चर पडत गेला. आणि सन २००७ मध्यें अशाच एका चरांत पांढरट माती उघडी पडलेली दिसली. तपासणींत ती जवळजवळ नव्वद टक्के सिलिका निघाली. अशी माती उष्ण पाण्याच्या झऱ्यांपाशीं किंवा वाफेच्या विवरांपाशीं तयार होते, म्हणून मंगळावर एके काळीं तसें पाणी वा वाफ होती ह्यास तो मोठा पुरावा मिळाला. गाडी पुढेंच चालत राहिली असती, तर ती माती कदाचित् झांकलेलीच राहती. स्पिरिटकडून शेवटचा संदेश सन २०१० च्या मार्चमध्यें आला. म्हणजे एक चाक मेल्यावर ती गाडी आणखी चार वर्षें कामाची राहिली.

आपल्या देशाचेंही उदाहरण आहे. चांद्रयान-३ दिनांक २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रावर उतरलें, आणि त्यांतील प्रज्ञान ही सव्वीस किलो वजनाची सहा चाकी गाडी बाहेर पडली. २७ ऑगस्ट रोजीं तिच्यापुढें तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचें एक विवर आलें. इस्रोच्या शास्त्रज्ञांनीं तिला आल्या वाटेनें मागें फिरण्याची आज्ञा केली, आणि तिनें दुसरा मार्ग धरला.

आतां विरोधकांचें म्हणणें. माझे एक स्नेही सहकारी म्हणतात, एस.टी.च्या चालकास कोणी इंजिनाची परीक्षा विचारतो काय? गाडी नीट चालली म्हणजे झालें. तयार वस्तु जोडून नवी वस्तु करणें हेंही कौशल्यच आहे. तें कौशल्य आहे हें मी नाकारीत नाहीं, आणि आजच्या कारखान्यांत त्याची गरजही आहे. पण एस.टी.चा चालक विज्ञानाचें बक्षीस मागावयास येत नाहीं. बक्षीस विज्ञानाचें असेल, तर प्रश्न विज्ञानाचा विचारला जाणारच.

पालकांचें म्हणणें अधिक गंभीर आहे. कित्येक घरांत वाढदिवसास किंवा परीक्षेच्या निकालावर चांगल्या किमतीची रिमोटची गाडी आणली जाते, आणि त्याच दिवशीं मुलास ताकीद मिळते कीं, खबरदार, उघडशील तर! पैसे कष्टाचे असतात, हें मी जाणतों. तथापि दोन महिन्यांनीं ती गाडी बंद पडून माळ्यावर जाते, तेव्हां तरी ती मुलाच्या हातीं द्यावी, एवढीच माझी विनंति आहे. मात्र जीस पुन्हां पुन्हां विजेवर भरावें लागतें अशी लिथियमची बॅटरी आंत असेल, तर ती प्रथम मोठ्या माणसानें काढून बाजूस ठेवावी. ती टोंचली किंवा तिचीं टोकें जुळलीं तर पेट घेते. बाकी गाडींत भिण्यासारखें कांहीं नसतें.

आणखी एक गोष्ट मला डांचते. महागड्या सुट्या भागांच्या जोरावर बक्षीस मिळूं लागलें, तर ज्यांच्या घरीं तेवढा पैसा नाहीं तीं मुलें स्पर्धेंत नांवच घालीत नाहींत. गेल्या कांहीं वर्षांत मीं हें डोळ्यांनीं पाहिलें आहे. वस्तुतः ह्या विषयांत स्वस्त गाडी महाग गाडीहून कमी शिकविते असें मुळींच नाहीं. जत्रेंत मिळणाऱ्या अगदीं स्वस्त गाडीच्या रिमोटवर एकच कळ असते. गाडी चालू केली कीं ती सरळ पुढें पळते, आणि कळ दाबली कीं वळत वळत मागें येते. कळ सोडली कीं नव्या दिशेनें पुन्हां पुढें. तिला वळविण्यासाठीं दुसरी मोटर नाहीं, सुकाणूं नाहीं. एकाच मोटरीची दिशा उलटवून वळणेंही साधलेलें आहे. मोटर उलटी फिरतांच पुढच्या चाकांचा आंस तिरका होतो, एवढीच युक्ति. ती ज्यानें शोधून काढली त्याच्या बुद्धीचें मला तरी फार कौतुक वाटतें, आणि ती गाडी उघडून जो मुलगा ती युक्ति दाखवील, त्यास मी हजारों रुपयांच्या गाडीहून वरचा क्रमांक देईन.

म्हणून यंदाच्या प्रदर्शनासाठीं मीं विज्ञान-समितीपुढें एक सूचना ठेविली आहे. परीक्षकांच्या टेबलावर एक ताट असावें. त्यांत दोन सेल, एक लहान मोटर, चार तारा व सहा टोकांचा एक स्विच, एवढेंच असावें. गाडी मांडणाऱ्या प्रत्येक स्पर्धकानें ती मोटर एकदां सुलट व एकदां उलट फिरवून दाखवावी, आणि तशी कां फिरली हें आपल्या शब्दांत सांगावें. निम्मे गुण ह्यास असावेत, निम्मे गाडीस. जोडीनें काम केलेलें असेल तर दोघांनींही सांगावें. एकानें सांगावें व दुसऱ्यानें मान डोलवावी असें नको. समितींत ह्यावर अद्याप एकमत झालेलें नाहीं. निम्मे गुण फार होतात असें कांहींचें म्हणणें आहे. त्यांनीं तिसरा हिस्सा म्हटला तरी मी भांडणार नाहीं, पण ताट टेबलावर असलें पाहिजे.

तें ताट दर शनिवारीं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेंत मांडून ठेवण्यास मी आतांपासूनच सुरुवात केली आहे. ज्यांस सराव करावयाचा असेल त्यांनीं यावें. मोटरी मात्र कमी पडतात. ज्यांच्या घरीं मोडकी खेळगाडी पडून असेल त्यांनीं ती आणून द्यावी. तिच्यांतली मोटर बहुधा चांगलीच असते. तुटलेला असतो तो एखाद्या चाकाचा दांता.